आमची वाटचाल : बर्मिंगहॅमच्या बास्करव्हिलकडून काय घेतलं

आमचा छापखाना छोटा. ट्रेडलवर (छोट्या छपाईयंत्रावर) लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, बारीकसारीक पुस्तिका. पण कामाची रीत बसवली ती अठराव्या शतकातला इंग्लिश मुद्रक जॉन बास्करव्हिल (१७०६–१७७५) याच्यावरून, तेव्हा वाटचाल सांगायची तर सुरुवात त्याच्यापासूनच.

वूस्टरशरमधल्या वुल्व्हर्लीचा हा माणूस आधी बर्मिंगहॅममध्ये सुलेखन शिकवायचा, थडग्यांच्या दगडांवर अक्षरं कोरायचा. पैसा मिळवला तो जपानी धर्तीच्या रोगणकामात, ट्रे वगैरे वस्तूंवर. छपाईत हात घातला १७५० च्या सुमारास. पहिलं पुस्तक, रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यांचं, निघालं १७५७ साली. मधली वर्षं खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांत, गेलीच (त्यांचे पंच, म्हणजे मूळ पोलादी ठसे, कापायचा जॉन हँडी), पण प्रेस, शाई आणि कागदातही गेली.

त्याच्या अक्षरात जाड-बारीक रेघांचा फरक मोठा. तेव्हा प्रेसमध्ये कागदामागे मऊ लोकरी भराव असे; ओलसर कागद खिळ्याच्या कडांवर वाकायचा आणि बारीक रेघ फुगायची. त्याने भराव कठीण केला. मात्र कठीण भरावावर खिळ्यांच्या उंचीतला केसभर फरकही लपत नाही, एक अक्षर काळं तर शेजारचं फिकं. म्हणून बेड (खिळे ठेवायचा तळ) आणि प्लेटन (वरून दाबणारा पत्रा) पितळेचे, शक्य तितके सपाट करून घेतले. आम्हीही ‘खोल ठसा हवा’ म्हटलं की जुन्या खिळ्यांवर नकार देतो, ते बोथट होतात. कठीण भराव, कमी शाई आणि फिक्या जागेमागे टिश्यूचा तुकडा. मेकरेडीला (छपाईआधी ठसा सारखा करून घेण्याला) छपाईपेक्षा जास्त वेळ जातो, बिलात तो कुणाला दिसत नाही.

शाईची त्याची म्हणून जी कृती छापली गेली, ती अशी: जुनं, उत्तम जवसाचं तेल ३ गॅलन, भांडं त्याच्या चौपट, कारण तेल उकळताना फुगतं आणि उतू गेलं तर पेट घेतं. थेंब दगडावर गार करून चिमटीत ताणायचा. पाकासारखी इंचभर तार सुटली की पुरे. निवल्यावर थोडी राळ, मग काही महिने तसंच मुरू द्यायचं, आणि शेवटी बारीक काजळी घालून खलायचं. तेल कमी आटलं तर अक्षराभोवती तेलकट पिवळी कड उमटते.

छापलेले ताव तो तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबायचा. ठशाचा उठाव बसतो, कागदाला तकाकी येते. घाई केली तर ओली शाई पलीकडे उठते.

धंदा म्हणून हे सगळं आतबट्ट्याचं. केंब्रिज विद्यापीठासाठी १७६३ साली छापलेल्या बायबलच्या कितीतरी प्रती पडून राहिल्या. मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने, साराने, १७७९ साली खिळेसामग्री फ्रेंच नाटककार बोमार्शेला विकली आणि त्या खिळ्यांनी जर्मनीतल्या केल गावी फ्रेंच लेखक व्होल्तेरचं साहित्य छापलं गेलं. पंच १९५३ साली इंग्लंडला परतले, केंब्रिज विद्यापीठाकडे.

इंग्रजी कार्डांसाठी हेच अक्षर आजही मागतात. पॉलिमर प्लेट (खिळ्यांऐवजी वापरायचा प्लास्टिकचा उठावाचा ठसा) बनवताना बारीक रेघा किंचित जाड करून घ्याव्या लागतात, नाहीतर प्लेट धुताना त्या वाहून जातात.