घरून आणलेलं 'असतं'

स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि डोळ्यांपुढे फळा उभा राहिला. नववीचा वर्ग, १९८४ साल, इंग्रजीचा तास.

आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवलेली मुलं. नववीपर्यंत काळांचे तक्ते पाठ झाले होते. पण 'मला कळलं असतं तर मी आले असते' हे इंग्रजीत करायला घेतलं की बहुतेक वह्यांत एकच चूक: 'इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम.'

सर रागावले नाहीत. फळ्यावर मराठी वाक्य लिहून त्यांनी दोन्हीकडच्या 'असतं' आणि 'असते'खाली रेघ ओढली. "मराठीचा संकेतार्थ जरकडे आणि तरकडे सारखाच दिसतो, म्हणून तुम्ही वुड दोनदा लिहिलंत. इंग्रजीत इफच्या घरात हॅड राहतो. वुड हॅव शेजारच्या घरात. वुडनं इफचा उंबरा ओलांडायचा नाही." आज मी स्वतः इंग्रजी शिकवते आणि हे उंबऱ्याचं वाक्य दरवर्षी जसंच्या तसं वापरते. त्याहून सोपं मला अजून सापडलेलं नाही. बोलताना दोन्ही घरांत नुसतं 'आयड' ऐकू येतं, 'इफ आयड नोन, आयड हॅव कम', तेव्हाही पहिल्यात हॅड आणि दुसऱ्यात वुड दडलाय हे त्या उंबऱ्यामुळेच मुलांना कळतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी लिहिलं, 'इफ विश्वासराव हॅड नॉट फॉलन ॲट पानिपत', आणि खडू खाली ठेवला. उरलेलं अर्धं वाक्य आमचं. १४ जानेवारी १७६१ ही तारीख कुणाला पाठ नव्हती! इंग्रजीच्या तासाला कधी मान वर न करणारा मागच्या बाकावरचा मुलगा उठला आणि म्हणाला, "भाऊ वुड नॉट हॅव लेफ्ट हिज एलिफंट." भाऊ हत्तीवरून उतरले, रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला, हे सगळं त्या एका वाक्यात आलं होतं. सरांनी दोन्ही 'नॉट'भोवती गोल काढले. विश्वासराव पडले, भाऊ उतरले. दोन्ही खरंच घडलं, म्हणून वाक्यात दोन्हीकडे नकार. जे घडलंच नाही, त्याला मात्र होकार. मला हे व्याकरण त्या क्षणी कळलं.

मग गृहपाठ मिळाला. घरच्या कुणाच्या तरी तोंडचं एक 'असतं'चं वाक्य आणायचं आणि ते इंग्रजीत करायचं. एकीनं आजीचं आणलं, बहात्तरच्या दुष्काळातलं: विहीर आधी खोदली असती तर मोसंबी वाळली नसती. वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही.

माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. भाकरी थापता थापता म्हणाली, "मला शाळेत ठेवलं असतं तर मी नर्स झाले असते." मी तिच्या तोंडून हे आधी कधी ऐकलं नव्हतं.

वहीत मी 'इफ' लिहिलं आणि अडले. ठेवलं असतं, पण कुणी? मराठीत कर्ता न सांगताही वाक्य उभं राहतं. इंग्रजीत 'हॅड केप्ट'च्या आधी कुणाला तरी बसवावं लागतं. मी 'माय ग्रँडफादर' लिहून वही सरांपुढे ठेवली.

सरांनी विचारलं, "आई आजोबांचं नाव घेऊन बोलली?"

"नाही, सर."

"मग आपणही घ्यायचं नाही." त्यांनी आजोबा खोडले आणि लाल शाईनं लिहिलं, 'इफ आय हॅड बीन केप्ट इन स्कूल, आय वुड हॅव बिकम अ नर्स.' कर्मणी प्रयोग आम्ही आठवीत मार्कांसाठी शिकलो होतो. तो कुणाची तरी अब्रू राखायलाही कामी येतो, हे मला सरांच्या त्या लाल रेघेनं दाखवलं. सर आज असते, तर हा लेख आधी त्यांच्याकडे तपासायला गेला असता.

संध्याकाळी चुलीपाशी बसून मी आईला ते वाक्य वाचून दाखवलं. तिनं हात थांबवला. त्यातला शेवटचा शब्द तेवढा तिला कळला होता.

"परत वाच," म्हणाली.

(माजी विद्यार्थिनी, दहावी १९८६)