गाडीतली रात्र कोणत्या रकान्यात

व्याह्यांबरोबर परदेशी सहलीला जाऊ नये असं कुठे लिहून ठेवलेलं नाही. असं कुणी करेल हे जुन्या माणसांच्या डोक्यातच आलं नसणार. आम्ही करतो आहोत. मेच्या मध्यात आम्ही दोघं पुण्याचे आणि लेकीचे सासू-सासरे सांगलीचे, अशी दोन जोडपी युरोपला निघालो आहोत. यात्रा कंपनीबरोबर नाही, आपलं आपण. कल्पना मुलांची. "चौघं एकत्र गेलात म्हणजे आम्हाला काळजी एकाच ठिकाणी करता येईल," असं जावई म्हणाले, आणि लेकीने मान डोलावली. दोघांचं इतकं एकमत मी प्रथमच पाहिलं.

आखणीचं काम माझ्याकडे आलं, कारण मी एकोणीस वर्षं शाळेचं वेळापत्रक केलं आहे. गणिताचे सर एकाच तासाला सातवी अ आणि आठवी ब मध्ये उभे राहणार नाहीत, आणि पी.टी.चा तास जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच येणार नाही, एवढं ज्याला जमलं त्याला युरोप काय अवघड, असा माझा समज होता.

पहिल्या व्हिडिओ कॉलवर प्रत्येकाने आपली इच्छा सांगितली. आमचे हे पाटबंधारे खात्यातले. त्यांना बाकी काही नको, फक्त नेदरलँड्समधला आफस्लाउटडाइक हवा. समुद्राची खाडी बंद करणारा बत्तीस किलोमीटरचा बांध, १९३२ साली पुरा झालेला. एका बाजूला खारा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला त्या बांधामुळे तयार झालेलं गोड्या पाण्याचं तळं. उजनीच्या भिंतीवर त्यांनी आयुष्यातली सहा वर्षं काढली, म्हणून हे बघायलाच हवं म्हणे. मला पॅरिस हवं होतं. अठ्ठावीस वर्षं मी फळ्यावर फ्रेंच राज्यक्रांतीचा १४ जुलै १७८९ लिहीत आले. बास्तीचा तुरुंग तेव्हाच पाडून टाकला, आज तिथे नुसता चौक आहे, हे मला माहीत आहे. तरी त्या चौकात उभं राहायचं आहे. व्याही बँकेतले, निवृत्त मुख्य रोखपाल. ते थोडे लाजत म्हणाले, "स्वित्झर्लंड. म्हणजे, तुमची हरकत नसेल तर." विहीणबाई म्हणाल्या, "माझं काय, तुम्ही न्याल तिथे."

व्याह्यांबरोबर आखणी करण्यातली खरी अडचण इथे सुरू होते. नवऱ्याला "नाही" म्हणता येतं, भावाला म्हणता येतं, व्याह्यांना म्हणता येत नाही. लग्नाच्या याद्या करताना जी भाषा वापरली तीच अजून चालू आहे. मग माझ्यातल्या वेळापत्रकवालीने न्याय केला: तीन देश, तीन तीन रात्री. विहीणबाईंच्या वाटणीच्याही रात्री शिल्लक ठेवल्या, त्यांनी जागा सांगितली की भरायच्या.

तेवढ्यात व्हिसाचा नियम समोर आला. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, व्हिसा एकच, पण अर्ज करायचा तो ज्या देशात सर्वांत जास्त रात्री काढणार त्याच्याकडे. सगळीकडे सारख्याच असतील तर ज्या देशात आधी पाऊल टाकणार त्याच्याकडे. मी इतक्या काटेकोरपणे वाटणी केल्यामुळे, आणि सुरुवात नेदरलँड्सपासून असल्यामुळे, अर्ज आपोआप तिकडे गेला. "बघा, शेवटी धरणवालेच," असं हे म्हणाले. व्याही हसले. दोन दिवसांनी सांगलीहून फोन आला. व्याह्यांचा गुडघा, उंचावर एक दिवस नुसता आराम लागेल, असं डॉक्टरांनी सुचवलंय, तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये एखादी रात्र वाढवता आली तर... एका रात्रीने आमचा अर्ज देश बदलून स्वित्झर्लंडकडे गेला. गुडघा यापूर्वी कधी चर्चेत आला नव्हता.

पॅरिसची गोष्ट थोडक्यात. ॲमस्टरडॅमहून गाडी सव्वातीन-साडेतीन तासांत पॅरिसला पोचते, पण ती गार द्यू नोरवर. स्वित्झर्लंडला जाणारी निघते गार द लियोंवरून. आपण सीएसएमटीला उतरून मुंबई सेंट्रलची गाडी शोधावी तसं. पॅरिसला एक 'मेन स्टेशन' असं नाहीच; ज्या दिशेला जायचं त्या दिशेचं स्टेशन वेगळं. हे मला तिकीट काढल्यावर नव्हे, काढायच्या दहा मिनिटं आधी कळलं, आणि त्याबद्दल मी अजून स्वतःची पाठ थोपटते आहे. दुसरं, तिथली दोन मोठी संग्रहालयं: लूव्र मंगळवारी बंद आणि ओर्से सोमवारी. आमच्या तीन रात्रींतले दोन दिवस नेमके हेच. सोमवारी लूव्र, मंगळवारी ओर्से. शाळेत चित्रकलेच्या आणि संगीताच्या बाईंना एकच खोली वाटून द्यायचे, तेव्हा हेच करायचे.

स्वित्झर्लंडवर मात्र मी अडकले. व्याह्यांना बर्फ दिसत होता, मला वेळापत्रक. १९८२ साली त्या देशाने आपल्या रेल्वेचं वेळापत्रक एका ठेक्यात बसवलं. एखाद्या स्टेशनावरून गाडी दहा वाजून चार मिनिटांनी सुटली, की पुढची अकरा वाजून चार मिनिटांनी, त्यापुढची बारा वाजून चार मिनिटांनी. दिवसभर तोच मिनिट. शिवाय मोठ्या जंक्शनांवर चहूकडच्या गाड्या साधारण एकाच सुमारास येतात, माणसं एकीतून दुसरीत जातात, आणि सगळ्या थोड्या थोड्या अंतराने निघून जातात. संपूर्ण देशाची मधली सुट्टी एकदम होते. ज्याने हे पहिल्यांदा कागदावर मांडलं असेल त्या माणसाला मला एकदा भेटायचं होतं. रात्री अकरा वाजता मी यांना उठवून दाखवलं. ते म्हणाले, "अगं पण गाडी बदलायला आठच मिनिटं आहेत."

हा आमच्यातला जुना वाद. यांचं लहानपण दौंडला गेलं. गाडी बदलायची म्हणजे ट्रंकेवर बसून रात्र काढायची, हे त्यांच्या रक्तात आहे. पुण्याहून मुंबईला जायचं तरी आम्ही स्टेशनवर पाऊण तास आधी असतो. बाझेलला उतरून आमच्या मुक्कामाच्या इंटरलाकेनची गाडी पकडायला मी पंचवीस मिनिटं ठेवली होती. त्यांनी गुपचूप ती पावणेदोन तास केली आणि समासात लिहिलं, 'चहा'. मी खोडून पंचवीस केली. त्यांनी परत लिहिलं. आमच्या एक्सेलमध्ये त्या रकान्याचा रंग अजून पिवळा आहे.

मग इंटरलाकेनहून वर युंगफ्राउयोखला कसं जायचं, ते मी एका संध्याकाळी कॉलवर वाचून दाखवत होते. ३,४५४ मीटरवर डोंगराच्या पोटात स्टेशन, १९१२ सालचं. इंटरलाकेनपर्यंतची मोठी गाडी १,४३५ मिलिमीटरच्या रुळांवर, म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर. तिथून लाउटरब्रुनेनची गाडी मीटर गेज. त्याच्या वर दात्यांच्या रुळावरून चढणारी गाडी ८०० मिलिमीटरवर. शेवटी बोगद्यातली पुन्हा मीटर गेज.

"म्हणजे मिरज," विहीणबाई म्हणाल्या.

आम्ही तिघेही गप्प झालो. त्या कॉलवर एवढं ठामपणे पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

त्यांचे वडील रेल्वेत गार्ड होते. मिरजेला ब्रॉड गेज, मीटर गेज आणि बार्शी लाइट रेल्वेची नॅरो गेज, तिन्ही रूळ एकाच यार्डात. त्या शेजारच्या क्वार्टर्समध्ये त्या वाढल्या. कुठली शिट्टी कुठल्या गाडीची हे त्यांना अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं. आपला ब्रॉड गेज १,६७६ मिलिमीटरचा, म्हणजे तिकडच्या मोठ्या गाडीपेक्षा आपली गाडी जवळजवळ वीतभर रुंद रुळांवर चालते, हेही त्यांनीच सांगितलं. सात वर्षं मी या बाईंना तिळगूळ आणि दिवाळीच्या फराळाचे डबे पाठवते आहे. मिरजेचं एवढंच माहीत होतं की तिथे सतार चांगली मिळते.

"ताई, मग तुमच्या रात्री कुठे लावू?" मी विचारलं.

"गाडीत," त्या म्हणाल्या. "रात्रीची गाडी आहे ना तिकडे? झोपायची?"

आहे. व्हिएन्नाहून व्हेनिसला. रात्री निघते, आल्प्स ओलांडते आणि सकाळी व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनात आणून सोडते. बाहेर पडलं की पायऱ्या, आणि पायऱ्यांखाली ग्रँड कॅनॉल. म्हणून आता आराखड्यात व्हिएन्ना दोन रात्री, गाडीत एक, व्हेनिस दोन, आणि तिथूनच आखातात विमान बदलून मुंबई. जायचं ॲमस्टरडॅमला, परतायचं व्हेनिसहून. जिथून सुरू केलं तिथे उलटं यायचा एक दिवस वाचला.

प्रश्न राहिला इंटरलाकेनहून व्हिएन्नाचा. झ्यूरिक ते व्हिएन्ना गाडीने आठ तासांच्या आसपास, त्याआधी झ्यूरिकपर्यंतचे दोन. विहीणबाई एका पायावर तयार. पण गुडघा (आता तो अधिकृत सदस्य आहे) दहा तास नको म्हणाला. विमान सव्वा-दीड तासाचं. मी बेरीज केली: झ्यूरिक विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे, तिथपर्यंत सव्वादोन तास, दोन तास आधी पोचणं, उड्डाण, बॅगा, शहरात जाणं. सहा-सात तास तरी होतातच. तरी दहापेक्षा कमी. विमान ठरलं.

स्वस्त तिकीट सापडल्यावर व्याह्यांनी सूत्रं हाती घेतली. रोखपालाच्या समोर आकडे आले की माणूस खुलतो. त्यांनी तक्ता केला: तिकीट इतकं. बॅग वेगळी, आणि ती तिकिटाच्या किमतीला टेकणारी. खुर्ची निवडायची तर तीही वेगळी. न निवडल्यास कंपनी वाटेल तिथे बसवते.

"म्हणजे आपल्या बायकोशेजारी बसायचे पैसे?" व्याही म्हणाले.

"पस्तीस वर्षं फुकट बसलो," आमचे हे म्हणाले.

दोघेही एकमेकांकडे बघत होते, आणि पहिल्यांदाच त्या दोघांत व्याही हे नातं बाजूला पडून नुसती मैत्री दिसली. खुर्च्या घेतल्या नाहीत. कोण कुणाशेजारी येईल ते येईल. मी विहीणबाईंच्या शेजारी आले तर मला आवडेल, हे मी बोलले नाही.

व्हिसाची फाइल आता माझ्या टेबलावर आहे. प्रौढांना नव्वद युरो शुल्क, तीस हजार युरोंचा विमा, बँकेचे कागद, आणि प्रत्येक रात्र कुठे, याचा हिशेब. गाडीतली रात्र कुठल्या देशाच्या नावावर टाकायची, हा प्रश्न व्याह्यांना तीन दिवस पुरला. स्वित्झर्लंडच्या चार असल्यामुळे तिने कुणाचंच काही बिघडत नव्हतं. पण रोखपाल रकाना रिकामा सोडत नाही. बाराच्या ठोक्याला गाडी कुठे असेल त्याचा देश धरावा, असं त्यांचं मत. विहीणबाई म्हणाल्या, "रेल्वे लिहा की. रेल्वेला काय देश असतो?" आम्ही 'रात्रीची रेल्वे' असंच लिहिलं आणि तिकीट जोडलं.

त्याहून अवघड रकाना बरोबरच्या प्रवाशांशी नातं काय, हा होता. इंग्रजीत व्याह्यांना वापरातला असा शब्दच नाही. 'आमच्या मुलीच्या नवऱ्याचे आईवडील' असं लांबलचक वाक्य लिहून मी जोडपत्र दिलं. अर्ज वाचणाऱ्याला वाटेल, ही माणसं एकमेकांची नेमकी कोण, आणि एकत्र का जातायत. मलाही अधूनमधून वाटतं.

खाण्याचं अजून ठरायचंय. बाहेरून दूध-दुभत्याचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, त्यामुळे दशमी हा दुधाचा पदार्थ की पिठाचा, यावर एक पूर्ण रविवार गेला. विहीणबाईंनी धपाट्यांवर तडजोड केली.

काल रात्रीच्या गाडीचं आरक्षण केलं. चौघांचा एक कप्पा, दोन बर्थ खाली, दोन वर. खालचे कुणी घ्यायचे? व्याही म्हणाले, तुम्ही घ्या. हे म्हणाले, छे, छे, तुमचा गुडघा. व्याही म्हणाले, तो आता बराच बरा आहे. मी म्हटलं, मला वर चालेल, जे खोटं होतं. पाच मिनिटं हेच चाललं, मंगल कार्यालयात पहिल्या पंगतीला कोण बसणार यावर चालतं तसं.

"मी वर," विहीणबाई म्हणाल्या. "खिडकीकडे डोकं करून. आणि सीमेवर गाडी थांबली की मला उठवू नका, मी जागीच असेन."