नाव अमेरिका, जमले लंडनमध्ये

रविवारी मिसळ हाणून गंगापूर धरणाकडे निघालो, गाडीत दादाचा जुना पेनड्राइव्ह लावला तर 'अमेरिका' बँड सुरू, किती वर्षांनी ऐकला राव! बँडमधल्या तिघांचे वडील अमेरिकन एअरफोर्समध्ये, पोस्टिंग इंग्लंडात, म्हणून पोरं १९७० ला लंडनमध्ये जमली. १९७२ ला 'अ हॉर्स विथ नो नेम' नंबर वन, लोकांना वाटायचं प्रसिद्ध गायक नील यंगच गातोय आणि गंमत बघा, नंबर वनवरून खाली ढकललं ते त्याच्याच गाण्याला! पुढे बीटल्सवाला जॉर्ज मार्टिन प्रोड्युसर, १९७५ ला परत नंबर वन. १९७७ ला डॅन पीक बाहेर पडला, उरलेले दोघं गात राहिले, पण मला तिघांचे आवाज एकमेकांत मिसळलेलेच आवडतात. धरण आलं तरी गाडीतून उतरलोच नाही, बायको वैतागली.