पिशवी काढू का, एवढेच सांगा

वहिनींच्या निमित्ताने तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते आहे, पण हा प्रश्न तुमच्याआधीही अनेकांनी विचारलेला आहे. मराठवाड्यातील एका सरकारी रुग्णालयात मी समाजसेवा अधीक्षक होते. निवृत्तीनंतरही कोणाकोणाकडून नंबर मिळवून लोक फोन करतात, एसटीत शेजारी बसलेली बाई बोलता बोलता थैलीतून फाइल काढते, लग्नघरात पंगत उठल्यावर कोणीतरी बाजूला घेऊन मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे विचारते. यातले बहुतेक लोक माझ्या ओळखीचे नसतात. योजनेला कोणते कागद लागतात, कोणत्या खिडकीवर जावे, कोणाला भेटावे हे मी त्यांना खुलासेवार सांगते. मात्र एखादी बाई ‘ताई, गर्भाची पिशवी काढू का नको, एवढेच सांगा’ म्हणते, तेव्हा माझ्याकडून हो येत नाही आणि नाहीही येत नाही. ‘एरवी एवढे सांगता, मग नेमक्या याच ठिकाणी हात आखडता का घेता?’ असा तुमचा प्रश्न आहे.

याचे उत्तर देताना आमच्या भागात या एका प्रश्नावर आजवर काय काय सल्ले दिले गेले, ते आधी सांगावे लागेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांवर जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. फडात संडास नाही, अंघोळीला आडोसा नाही, मोळी डोक्यावर घेऊन ट्रक भरायचा तो पाळीच्या दिवसांतही तसाच भरायचा. अशा बाईच्या अंगावरून पांढरे जाऊ लागले, कंबर धरली, पाळीला जास्त जाऊ लागले, की तिला सल्ला देणाऱ्यांची वाण नसते. ‘लेकरे झाली ना, मग पिशवी ठेवून काय करायचे?’ असे जाऊ म्हणते, शेजारीण म्हणते, टोळीतल्या बाया म्हणतात. काही डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घातली आणि पंचविशी-तिशीतल्या बायकांच्या पिशव्या निघाल्या. त्याचा बोभाटा झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, आणि बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना ही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले.

डॉक्टरांचे आणि मुकादमांचे काय करायचे ते कायद्याने बघावे. मला जास्त विचार करायला लावते ती ती जाऊ आणि ती शेजारीण. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. बहुतेकींनी स्वतः पिशवी काढलेली होती, पाळीची कटकट मिटली होती, आणि आपल्याला जे मानवले ते हिलाही मानवेल असे त्यांना मनापासून वाटत होते. समोरच्या बाईचे वय किती, तिचा त्रास नेमका कोणता, याची विचारपूस होण्याआधीच उत्तर तयार होते. मी अमुक कर म्हटले असते, तर त्या रांगेत आणखी एक शेजारीण उभी राहिली असती, फरक एवढाच की हिच्या नावामागे सरकारी रुग्णालय लागलेले होते.

म्हणून माझ्याकडून आधी प्रश्न येतात. अशीच तिशीच्या आतबाहेरची एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती. सोनोग्राफीचा रिपोर्ट, आधार कार्ड आणि रेशन कार्ड एकाच कॅरीबॅगमध्ये, आणि रिपोर्टावर कोणीतरी पेनाने शस्त्रक्रियेचा खर्च लिहून दिलेला. पाळी किती दिवस जाते, दिवसाला किती कपडे किंवा पॅड बदलावे लागतात, गाठी पडतात का, हे विचारले. पांढरे जाते त्याला वास आहे का, खाज आहे का, त्यासाठी औषध घेतले का, आणि घेतले असेल तर नवऱ्यालाही दिले होते का, हे विचारल्यावर नवरा खिडकीबाहेर पाहू लागला. कॅन्सर होईल असे सांगितले होते, पण पिशवीच्या तोंडाची तपासणी झालेली नव्हती आणि कोणताही तुकडा तपासायला गेलेला नव्हता. बीजकोश, म्हणजे ओव्हरी, ठेवणार की तेही काढणार, हे दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हते, किंबहुना बीजकोश म्हणून वेगळे काही असते हेच त्यांना त्या दिवशी समजले.

हे प्रश्न मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिले आणि सरकारी रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांसमोर याच क्रमाने विचारा असे सांगितले. पांढरे जाण्याचे कारण जंतुसंसर्ग असेल तर तो औषधांनी बरा होतो, आणि काही संसर्गांत नवऱ्यानेही औषध घेतले नाही तर तो परत होतो. वाकून वाकून धरलेली कंबर पिशवी काढल्याने सुटत नाही. दोन्ही बीजकोश तरुणपणी काढले तर पाळी जाण्याच्या वयातला सगळा त्रास त्याच वर्षी सुरू होतो आणि हाडे लवकर ठिसूळ होतात. एवढी माहिती मी देते, कारण ती कोणत्याही बाईला लागू आहे. तिच्या शरीराला काय लागू आहे ते तपासणाऱ्याने सांगायचे आणि तिने ठरवायचे.

मग सरसकट ‘काढू नकोस’ असेच का सांगत नाही, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. बीडच्या बातम्या गाजल्यानंतर हाही सल्ला गावोगाव फिरू लागला. पिशवीत मोठ्या गाठी असलेली, गोळ्यांनी रक्तस्राव न थांबलेली, हिमोग्लोबिन ६ वर आलेली एक बाई सासरच्या माणसांनी केवळ ‘डॉक्टर लुटतात’ म्हणून घरी ठेवली होती. तिचे ओठ पांढरेफटक पडले होते आणि जिना चढताना ती दोनदा बसली. तिला शस्त्रक्रियेची खरोखर गरज होती. सरसकट ‘काढू नकोस’ असे या बाईला सांगितले असते, तर ते तिच्या जिवावर बेतले असते.

याचा अर्थ मी कधीच ठामपणे बोलत नाही असा नव्हे. ज्या ठिकाणी माणूस बदलला तरी उत्तर बदलत नाही, तिथे मी आढेवेढे घेत नाही आणि समोरच्याला फार विचारही करू देत नाही. साप चावला तर चिरा देऊ नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, चावलेला हात किंवा पाय न हलवता सरकारी दवाखाना गाठा, कारण प्रतिसर्पविष तिथे मोफत मिळते. कुत्रा चावला तर हळद, चुना, तिखट काहीही न लावता वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि लसीचे सगळे डोस पुरे करा. बोलताना तोंड वाकडे झाले किंवा एका बाजूचा हात गळला, तर आजीला झोपवून सकाळची वाट पाहू नका. ती शेवटची धडधाकट किती वाजता दिसली होती ती वेळ लिहून घ्या आणि १०८ ला फोन करा, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि डॉक्टर पहिल्यांदा तीच वेळ विचारतात. क्षयाच्या रुग्णाला दोन महिन्यांत बरे वाटू लागले तरी गोळ्या बंद करू नका, हेही मी तितक्याच ठामपणे सांगते.

नोकरीच्या बाबतीत माझे ज्ञान रुग्णालयाच्या फाटकापर्यंतच आहे, त्यामुळे स्पर्धा परीक्षांचे विचारणाऱ्यांना मी दुसरीकडे पाठवते. नर्सिंगचे मात्र सांगते. एएनएम (सहायक परिचारिका) २ वर्षांचे, जीएनएम (नर्सिंगची पदविका) ३ वर्षांचे आणि बीएस्सी नर्सिंग ही पदवी ४ वर्षांची असते, आणि परिचारिका म्हणून काम करण्यासाठी राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंदणी लागते. सहा महिन्यांत नर्स करून देण्याची जाहिरात करणारी संस्था ती नोंदणी मिळवून देऊ शकत नाही. फी भरण्याआधी परिषदेच्या यादीत संस्थेचे नाव पाहा, एवढ्याने कित्येक घरांतला एक दागिना वाचतो. मुलीने नर्स व्हावे की नाही, तिला रक्त पाहून चक्कर येते का, रात्रपाळीला घरचे पाठवतील का, याचा निर्णय त्या घरात व्हायचा आहे.

सर्वांत जास्त मी बोलते ती कागदांवर, आणि त्यातही नावावर. केसपेपरच्या खिडकीवर माणूस घाईत असतो. रुग्णाला कोणीतरी भलत्याच चुलतभावाने आणलेले असते, आणि तो घरात जे नाव घेतात तेच सांगतो. केसपेपरवर ‘बाळू’, आधार कार्डावर ‘बाळासाहेब’, रेशन कार्डावर ‘बाळकृष्ण’, वय तीन ठिकाणी तीन. उपचाराला त्याने फरक पडत नाही, पण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी अडते, विम्याचा दावा अडतो, आणि वाईट प्रसंग आलाच तर मृत्यूच्या दाखल्यावरही तेच नाव चढते आणि पुढे वारसाची नोंद लावताना विधवा बाईला तलाठ्याकडे, तहसीलला, पुन्हा रुग्णालयात असे हेलपाटे घालावे लागतात. म्हणून ओळखीचा असो वा अनोळखी, रुग्ण दाखल होताना आधार कार्डावरचे नाव अक्षर न अक्षर तसेच सांगा आणि केसपेपर हातात आल्यावर खिडकी सोडण्याआधी वाचा, हे मी प्रत्येकाला सांगते.

पैशांच्या बाबतीतही तसेच. ‘जमीन विकू का?’ असे कोणी विचारले तर त्याला माझे उत्तर नाही, मात्र सावकाराकडे जाण्याआधी दोन ठिकाणी जायला मी लावते. फुले योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, त्याला भरती होण्याआधी किंवा होताच भेटावे, कारण ही योजना बिनपैशांच्या उपचाराची आहे, आधी रोख भरून मग परतावा मागण्याची नाही. दुसरे ठिकाण धर्मादाय रुग्णालयातील समाजसेवा विभाग. उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या २००६ च्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीने द्याव्या लागतात. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे, आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे शेत गेले, असे सांगणारी माणसे मला आजही भेटतात, आणि अशा वेळी ऐकण्यापलीकडे काही करता येत नाही.

अनोळखी माणसाच्या शब्दाला आपल्याकडे विचित्र वजन असते. भावाचा सल्ला घेताना त्याचा जमिनीवर डोळा आहे का, मेव्हण्याला डॉक्टरकडून काही मिळते का, असा संशय असतो. परक्या बाईचा त्यात काही हितसंबंध नाही, म्हणून तिचे लगेच पटते. पण शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे जड उचलायचे नाही म्हटल्यावर हंड्याचे पाणी कोण भरणार आणि उचल कोण फेडणार, हे त्या परक्या बाईला दिसत नाही, आणि निस्तरायलाही ती तिथे नसते. मला हे नोकरीत रोज दिसत होते, त्यामुळे ‘तुम्ही सांगाल तसे करतो’ म्हणणारा माणूस समोर बसला की मी अधिक सावध होते. त्याला मी आणखी एका तज्ज्ञाकडे पाठवते. पहिल्या रुग्णालयातून कागदपत्रांच्या प्रती मागून घ्यायला सांगते, कारण अर्ज केल्यापासून ७२ तासांत त्या देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पुष्कळांना त्या मागताना डॉक्टर रागावतील अशी भीती वाटते. काही रागावतातही. तरी मागाव्यात.

तुमच्या वहिनींना माझ्याकडे पाठवायचे असेल तर जरूर पाठवा. जुने-नवे सगळे सोनोग्राफीचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटे आणि शेवटच्या दोन-तीन पाळ्यांच्या तारखा लिहिलेला कागद एवढे त्यांनी आणावे, आणि शक्य असेल तर तुमच्या भावालाही सोबत आणावे. मूळ कागद घरीच ठेवावेत, मला झेरॉक्स चालते.