दाखवते २०००, घेते ९७५ : इंडक्शन शेगडीच्या उतरलेल्या वॅटचा माग

परभणीतल्या आमच्या घरची इंडक्शन शेगडी सहा वर्षांपासून वापरात आहे आणि गेल्या दोन महिन्यांत ती हळूहळू मंदावत गेली. एकदम बंद पडली असती तर दोष शोधणे सोपे गेले असते. ही मात्र सुरू होत होती, भांडे ओळखत होती, डिस्प्लेवर २००० हा आकडाही दाखवत होती. फक्त तापवत नव्हती. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी आईने "दूध तापायलंय का झोपायलंय रे?" असे विचारले आणि त्या दिवसापासून ही वही सुरू झाली.

डिस्प्लेवरचा आकडा म्हणजे आपण केलेली मागणी असते. शेगडी प्रत्यक्षात किती वॅट घेते हे तो सांगत नाही. म्हणून पेचकस हाती घेण्याआधी मोजमापाची सोय केली. आमच्या विजेच्या मीटरवरचा लाल दिवा एका युनिटला ३२०० वेळा लुकलुकतो. घरातले बाकीचे सगळे स्विच बंद करून मिनिटभरातले लुकलुकणे मोजायचे, त्याला ६० ने गुणून ३२०० ने भागायचे, की किलोवॅट मिळतात. वेग जास्त असला की डोळ्यांनी मोजताना चूक होते, त्यामुळे मोबाइलवर चित्रण करून ते सावकाश चालवून मोजले. दुसरी चाचणी पाण्याची: तेच स्टीलचे पातेले, तेच दोन लिटर पाणी, २६ अंशांपासून ९० अंशांपर्यंत. टाकीतले पाणी या दिवसांत सकाळी एक आणि दुपारी भलतेच असते, म्हणून पाणी नेहमी माठातलेच घेतले. पातेल्याच्या बुडाला चुंबक घट्ट चिकटते आणि बूड सपाट आहे, हे आधीच पाहून घेतले होते.

पहिल्या संध्याकाळी आठ वाजता मिनिटाला ५२ लुकलुका, म्हणजे ९७५ वॅट. पाच मिनिटांनंतर तोच आकडा ३१ वर, म्हणजे ५८० वॅटच्या आसपास उतरला. दोन लिटर पाण्याला साडेसोळा मिनिटे लागली. शेगडी चालू असताना सॉकेटवर १९२ व्होल्ट होते. गल्लीतले सगळे कूलर त्याच वेळी सुरू असतात, तेव्हा दोष विजेचाच, असे म्हणून मी जवळजवळ वही मिटली होती. तरी रात्री अकरानंतर पुन्हा मोजले. सॉकेटवर २१३ व्होल्ट होते, सुरुवातीला ६६ लुकलुका म्हणजे १२३७ वॅट मिळाले आणि पाच-सहा मिनिटांनी पुन्हा तीच घसरण झाली. व्होल्टेज सुधारल्यावर आकडा वाढला खरा, पण मागणीच्या जवळपासही पोहोचला नाही. एकावर एक दोन-तीन दोष बसलेले असावेत, हा संशय मला इथे आला.

चालू झाल्यावर काही मिनिटांनी होणारी घसरण ही बहुतेक वेळा उष्णतेची खूण असते. प्लग काढून, थोडा वेळ थांबून शेगडी उलटी करून उघडली, तर पंख्याच्या पात्यांवर ज्वारीच्या पिठाचा आणि तेलकट वाफेचा नमद्यासारखा थर बसलेला होता. शेगडीशेजारीच परातीत भाकरी थापल्या जातात, त्याचा हा प्रसाद. हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या, फटीही बुजल्या होत्या. हवा खेळली नाही की आयजीबीटी, म्हणजे वेगाने उघडझाप करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, तापतो, त्याच्याजवळचा थर्मिस्टर म्हणजे तापमान जोखणारा भाग ते कळवतो आणि नियंत्रक वॅट कमी करतो. म्हणजे शेगडी स्वतःला वाचवत होती. ब्रशने सगळे साफ केले, आयजीबीटीखालची खडूसारखी सुकलेली पांढरी पेस्ट खरवडून नवी लावली. त्या रात्री ६६ चा आकडा पंधरा मिनिटे हलला नाही. घसरण संपली, पण कमतरता तशीच राहिली.

इथे नवशिक्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. काचेखालच्या थर्मिस्टरची जोडणी काढून मोजले तर ५४ किलोओहम दिसले. हा भाग १०० किलोओहमचा असतो, पण तो २५ अंशांना. माझ्या खोलीत दुपारी ४० अंश होते आणि एनटीसी प्रकारच्या थर्मिस्टरचा रोध तापमान वाढले की उतरतो, तेव्हा ५४ हा आकडा अगदी रास्त होता. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पुस्तकी आकडा धरून बसले तर चांगला भाग कचऱ्यात जायचा.

पुढचा दोष शेगडीबाहेर सापडला. रात्री मीटरजवळ २२९ व्होल्ट असताना शेगडीच्या सॉकेटवर २१३ व्होल्ट मिळत होते, म्हणजे १६ व्होल्ट वाटेतच जिरत होते. प्लगची एक पिन काळवंडलेली होती आणि सॉकेटमधली पितळी पकड सैल झाली होती. मागच्या तारेचा स्क्रूही अर्धवटच आवळलेला निघाला. जवळजवळ सहा अँपिअर प्रवाहाला १६ व्होल्टचे नुकसान म्हणजे नव्वदेक वॅट भिंतीत तापत होते. ही गोष्ट वॅटच्या हिशेबापेक्षा आगीच्या दृष्टीने जास्त गंभीर होती. मेन स्विच पाडून सॉकेट आणि प्लग दोन्ही १६ अँपिअरचे नवे बसवले. सॉकेटवर २२४ व्होल्ट आणि मीटरवर ७२ लुकलुका, म्हणजे १३५० वॅट.

आता उरला शेगडीतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड. तो मेन्सपासून अलग केलेला नसतो, त्यामुळे प्लग जोडलेला असताना त्यावरच्या कोणत्याही भागाला हात लावायचा नाही, हा नियम मी कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवला आहे. एसीचे डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरनंतर २३० व्होल्टांचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये, म्हणजे विजेचा छोटा साठा करणाऱ्या भागात, ते शिल्लक राहू शकते. दोन तारा जोडलेला साधा बल्ब कपॅसिटरच्या टोकांना लावून तो रिकामा केला, मल्टिमीटरने शून्य पाहिले आणि मगच सोल्डर सोडवले. भांडे तापवणाऱ्या कॉइलशी समांतर असलेला, तिच्याबरोबर आंदोलने घडवणारा रेझोनन्स कपॅसिटर ०.२७ मायक्रोफॅरडचा आहे, तो ०.२६ दाखवत होता, म्हणजे ठीक. रेक्टिफायरनंतरचा फिल्टर कपॅसिटर मात्र ५ मायक्रोफॅरडचा असून १.८ दाखवत होता. त्याची पिवळी पेटी एका कडेला तपकिरी पडली होती, इतकीच बाहेरून खूण. फुगलेला वगैरे अजिबात नव्हता.

हा कपॅसिटर लहान वाटतो, पण त्याचे काम वेगळे आहे. तो ५० हर्ट्झची लाट सपाट करत नाही. आयजीबीटी सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा प्रवाह ओढतो, तो प्रवाह त्या क्षणी जवळून पुरवण्याचे काम त्याचे. साठाच एक तृतीयांश उरला तर प्रत्येक झटक्यात व्होल्टेज खचते आणि कॉइलपर्यंत कमी ऊर्जा पोहोचते. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे हे कपॅसिटर एकदम मरत नाहीत. व्होल्टेजच्या एखाद्या उसळीने आतला पडदा जिथे फुटतो तिथला धातूचा पातळ मुलामा उडून जातो, भाग पुन्हा काम करू लागतो, पण क्षमता कणाकणाने घटते. आमच्या शेगडीचे मंदावणे असे सावकाश का होते, याचा उलगडा मला इथे झाला.

दुकानात याला कंडेन्सरच म्हणावे लागते. पहिल्या दुकानातल्या मामांनी पंख्याचा ५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर पुढे करून "आकडा तोच हाय की" म्हटले. आकडा तोच असला तरी तो ५० हर्ट्झवर चालणाऱ्या मोटरसाठी बनलेला असतो. इथल्या वेगवान प्रवाहाने तो तापेल, म्हणून नम्रपणे परत केला. तिसऱ्या दुकानात इंडक्शनचाच, ४०० व्होल्ट डीसीचा मिळाला. बोर्डवरच्या जाड पट्ट्यांवर माझ्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने सोल्डर वितळेना, शेजाऱ्यांचा ६० वॅटचा आणला. कॉइलच्या टोकांचे स्क्रू जाता जाता आवळून घेतले. पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटचा बल्ब सीरिजमध्ये ठेवला. तो क्षणभर चमकून मंदावला, म्हणजे आयजीबीटी शॉर्ट नाही.

रात्री २२६ व्होल्टांवर १०२ लुकलुका, म्हणजे १९१२ वॅट. दोन लिटर पाणी ५ मिनिटे ४२ सेकंदांत ९० अंशांवर गेले. हिशेबाने घेतलेल्या विजेपैकी सुमारे ८२ टक्के पाण्यात उतरली. संध्याकाळी आठला १९६ व्होल्टांवर ८० लुकलुका, १५०० वॅट. ही तूट गल्लीच्या कूलरांची आहे आणि तिला माझ्या बोर्डावर औषध नाही. बोर्डावरचा वॅट जुळवण्याचा प्रीसेट, म्हणजे पेचकसाने फिरवायचा छोटा रोध, मी मुद्दाम फिरवलेला नाही; तो फिरवून आकडा वाढवता येतो, पण त्याचा भार आयजीबीटीवर पडतो.

पंख्याचा बेअरिंगचा आवाज अजून येतो आहे, नवा पंखा मिळाला की पुढची नोंद त्याचीच असेल. तोवर परात शेगडीपासून हातभर लांब सरकवली आहे. आईला ते फारसे पटलेले नाही.