ऋतुनोंदीचे तिसरे वर्ष : शके १९४७ ची वही

ऋतूंप्रमाणे घर चालवण्याच्या माझ्या नोंदींना येत्या गुढीपाडव्याला तीन वर्षे पूर्ण होतील. पहिल्या वर्षी मी केवळ तारखा लिहिल्या, दुसऱ्या वर्षी त्यांच्या शेजारी तिथी लिहिल्या आणि शके १९४७ च्या वहीत तिसरा रकाना आखला, तो सूर्यनक्षत्राचा. या रकान्यामुळे घरातल्या कामांची वाटणी इतकी बदलली, की ही वही मिटण्याआधी तिच्यातले महत्त्वाचे सर्व एकत्र मांडून ठेवावे असे वाटले. आमचे घर पुण्यात, तळमजल्याचे, वर गच्ची असलेले आहे; बैठकीच्या खोलीचे दार दक्षिणेला अंगणात उघडते आणि स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला आहे. दिशांचा उल्लेख आत्ताच करून ठेवते, कारण पुढे त्यांचा संबंध येणार आहे.

प्रथम नक्षत्रांविषयी. सूर्य वर्षभरात सत्तावीस नक्षत्रांतून जातो, त्यामुळे प्रत्येक नक्षत्र साधारण साडेतेरा दिवसांचे होते. पावसाची नक्षत्रे आपल्याकडे सर्वांना माहीत असतात. मृग ७ किंवा ८ जूनला लागते, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा. मघा, उत्तरा आणि स्वाती यांच्या म्हणी शेतकरी घरांत आजही ऐकू येतात. मात्र उरलेल्या वर्षाची नक्षत्रे, म्हणजे शततारका, रेवती, अश्विनी, भरणी ही मंडळी, आपण पंचांगात मिटून ठेवतो, आणि मीही दोन वर्षे तेच केले. नक्षत्रांच्या इंग्रजी तारखा वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच राहतात. अयनचलनामुळे सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतात, इतकेच. मग तारीख पुरेशी असताना नक्षत्र कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. याचे उत्तर मला वापरातून मिळाले. घरकामाच्या दृष्टीने दोन महिन्यांचा ऋतू फार मोठा असतो, महिनाही मोठाच असतो, आणि आठवडा इतका लहान असतो की त्यात हवेचा बदल नीट ओळखू येत नाही. साडेतेरा दिवस हे माप मात्र नेमके बसते.

तिथीचा रकाना मी काढून टाकलेला नाही, कारण सण आणि व्रते त्याच्याशिवाय होत नाहीत. परंतु चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने तिथी दरवर्षी अकरा दिवसांनी मागे येतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातात. अक्षय्य तृतीया २०२५ मध्ये ३० एप्रिलला होती, २०२६ मध्ये ती १९ एप्रिलला आहे. उलट आषाढी एकादशी २०२५ मध्ये ६ जुलैला होती आणि २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठामुळे, २५ जुलैला येते. वाळवणाची कामे अक्षय्य तृतीयेला बांधली आणि पावसाळ्याचा आहार एकादशीला बांधला, तर ऊन आणि पाऊस त्या तारखा पाळणार नाहीत हे उघड आहे. हे मला कळले ते मात्र नुकसान सोसूनच.

मागील दोन्ही वर्षी आम्ही कुरडया मेच्या मध्यावर, म्हणजे कृत्तिकांत घातल्या होत्या. तोवर सुट्ट्या लागलेल्या असतात, हाताखाली मुले असतात, हेच त्यामागचे खरे कारण. २०२५ मध्येही मी १५ मे रोजी तीन किलो गहू भिजत घातले, रोज पाणी बदलले, चौथ्या दिवशी वाटून चीक काढला आणि तो निवळायला ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई गच्चीवर जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "अगं, ऊन आहे, पण वाऱ्याला ओल आहे. आज चीक शिजवू नकोस." पण आंबलेला चीक ठेवायचा तरी किती, या विचाराने मी तो शिजवला, सोऱ्यातून कुरडया पाडल्या आणि दुपारी आभाळ भरून आले. त्यानंतर पावसाने उसंत दिली नाही. अर्धवट वाळलेल्या कुरडया पंख्याखाली चादरीवर पसरल्या, रोज उलटल्या, तरी सहाव्या दिवशी त्यांच्या गाठींवर काळपट बुरशी आली आणि सर्व टाकून द्याव्या लागल्या. २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाल्याचे जाहीर झाले. याआधीचा सर्वांत लवकरचा दिवस २९ मे १९५६ हा होता. रोहिणी लागून तेव्हा एकच दिवस झाला होता आणि मृगाला तेरा-चौदा दिवस बाकी होते.

असे वर्ष पुन्हा लवकर येणार नाही, असे म्हणून हा प्रसंग सोडून देता आला असता. तसे न करता मी तिन्ही वर्षांच्या वाळवणाच्या नोंदी एकत्र लावल्या. साबुदाण्याच्या पापड्या मार्चअखेरीस रेवतीत घातल्या तेव्हा त्या दोन दिवसांत कडकडीत वाळल्या होत्या, आणि तशाच पापड्यांना कृत्तिकांत तीन ते साडेतीन दिवस लागले होते. ऊन दोन्ही वेळा तीव्र होते. फरक वाऱ्याचा होता. पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा अतिशय कोरडी असते, तर मे जसा पुढे सरकतो तसा पश्चिमेकडून समुद्रावरचा ओलसर वारा येऊ लागतो, संध्याकाळी ढग जमतात आणि वळवाच्या सरी पडतात. वाळवणाला पारा किती चढला यापेक्षा हवा किती कोरडी आहे हे अधिक महत्त्वाचे असते. सासूबाईंना हे हाताला लागणाऱ्या वाऱ्यावरून समजते. मला ते समजायला तीन वर्षांच्या नोंदी लागल्या. आता नियम असा ठरवला आहे की चीक, सांडगे आणि उडदाचे पापड हे सर्व अश्विनी आणि भरणी या दोन नक्षत्रांत, म्हणजे १४ एप्रिल ते १० मे या काळात उरकायचे. कृत्तिका लागल्यावर फक्त गोडा मसाला आणि तिखट करायचे, कारण मिरच्या आणि धणे आधीच वाळलेले असतात आणि त्यांना दुपारचे एखादे ऊन पुरते.

दुसरी मोठी नोंद उजेडाची आहे. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंशांच्या आसपास असल्याने सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, १४ मेच्या सुमारास आणि जुलैच्या अखेरीस. या दोन दिवसांच्या मधल्या काळात मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. ही गोष्ट मला पुस्तकातून ठाऊक होती, पण घरात तिचा काय परिणाम होतो हे मी कधी पाहिले नव्हते. यंदा प्रत्येक नक्षत्राच्या पहिल्या दिवशी, पुण्याच्या खऱ्या मध्यान्ही, म्हणजे घड्याळात साडेबाराच्या पुढेमागे, दक्षिणेच्या दारातून येणारे ऊन फरशीवर जिथवर पोहोचते तिथे मी खडूने रेघ ओढली. मृगात दारातून मध्यान्हीचे ऊन मुळीच आत येत नाही, आणि स्वयंपाकघराच्या उत्तर खिडकीच्या कट्ट्यावर मात्र, ढग नसले तर, उन्हाची बारीक पट्टी दिसते. मूळ नक्षत्रात, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, सूर्य मध्यान्हीसुद्धा क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशच वर असतो, तेव्हा सात फुटी चौकटीतून ऊन सव्वासहा फूट आत आले होते.

या रेघांवरून मी बैठकीच्या खोलीची मांडणी बदलली. सासूबाईंची आरामखुर्ची स्वातीपासून दाराकडे सरकत गेली, मूळ नक्षत्रात ती चौथ्या रेघेवर होती आणि शततारकेत पुन्हा भिंतीशी आली. माठ याच्या नेमका उलट प्रवास करतो. पूर्वी तो वर्षभर दाराजवळच्या कोनाड्यात असे आणि फाल्गुनात पाणी गार का होत नाही म्हणून आम्ही माठालाच दोष देत असू. मार्चमध्येही तिथे मध्यान्हीचे ऊन सुमारे अडीच फूट आत येते, हे रेघेने दाखवल्यावर तो उत्तरेच्या खिडकीखाली हलवला. मे लागला की तो तिथूनही काढून मधल्या खोलीत ठेवावा लागेल, हे पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवले आहे.

उठण्याच्या वेळेचा प्रयोग यंदा पहिल्यांदा तडीस गेला. पुण्यात सूर्योदय जूनच्या आरंभी सहाच्या जरा आधी होतो आणि जानेवारीच्या मध्यावर सात वाजून आठ-नऊ मिनिटांनी. सर्वांत लहान दिवस डिसेंबरात असला तरी सर्वांत उशिराचा सूर्योदय संक्रांतीच्या आसपास असतो, हे ध्यानात न घेतल्यामुळे आधीच्या दोन वर्षी मी नाताळानंतर गजर मागे आणत होते आणि महिनाभर काळोखात धडपडत होते. जूनपासून जानेवारीपर्यंत सूर्योदय एका नक्षत्रामागे सरासरी चार-पाच मिनिटांनी लांबतो आणि तिथून जूनपर्यंत सहा-सात मिनिटांनी लवकर येतो. गजर त्या हिशेबाने, दर नक्षत्राला एकदाच, सूर्योदयाआधी अर्धा तास असा लावला. यजमानांची कार्यालयाची वेळ बदलत नसल्याने हिवाळ्यात सकाळचा वेळ तुटतो, म्हणून भाकरीचे पीठ आणि भाजीची चिरणी रात्रीकडे नेली. ही सवय लागायला दोन नक्षत्रे गेली आणि मग कोणालाच ती वेगळी वाटेनाशी झाली.

आहाराच्या बाबतीत मी वाग्भटांच्या अष्टांगहृदयातील ऋतुचर्येचा एक मुद्दा विशेष मनावर घेतला. जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधी होतो, आणि या काळात जुनी चर्या हळूहळू सोडत नवी हळूहळू धरावी, असे तिथे सांगितले आहे. हे चौदा दिवस म्हणजे जवळजवळ एक नक्षत्र. पूर्वी रथसप्तमी झाली की दुसऱ्या दिवसापासून बाजरी बंद होत असे आणि ज्वारी सुरू होत असे. घरातील दोघांना दरवर्षी त्या सुमारास पोटाच्या तक्रारी होत. यंदा रथसप्तमी २५ जानेवारीला होती. त्यानंतर बाजरी एकदम न थांबवता श्रवण नक्षत्रभर एक दिवसाआड आणि धनिष्ठेत आठवड्यातून दोनदा केली. तक्रार आली नाही. एका वर्षावरून निष्कर्ष काढणार नाही. पुढील दोन वर्षे हेच करून पाहायचे आहे.

पावसाळ्यातील आहाराविषयी घरात मतभेद होता. कांदेनवमीला, ४ जुलैला, कांदा-लसूण-वांग्याचा निरोप झाला, तेव्हा पाऊस सुरू होऊन पाच आठवडे लोटले होते आणि मेच्या अखेरीपासूनच सर्वांची भूक मंदावली होती. सासूबाईंनी वाद एका वाक्यात मिटवला, "व्रत तिथीने धरायचे, पोट पावसाने सांभाळायचे." त्यामुळे उकळलेले पाणी, जुना तांदूळ, मुगाचे कढण आणि रात्रीचे दही बंद हे सर्व पहिल्या सलग पावसानंतर सुरू करायचे ठरले, मग तिथी कोणतीही असो. २०२६ मध्ये एकादशी पुष्यात पडणार असल्याने हा निर्णय वेळेवर झाला. टाकळा, कुर्डू, करटोली या रानभाज्या मंडईत दिसल्या त्या दिवसांची नोंद वहीत आहेच, तिचा विस्तार इथे करत नाही.

साठवणीचे मात्र सांगायला हवे. तुरीला आणि गव्हाला एरंडेल चोळून ठेवले, कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला, तरीही आश्लेषेत तांदळात सोंडे झालेच, कारण मेमध्ये तांदळाला पुरेसे ऊन मिळाले नव्हते. हे नुकसान भरून काढायला वर्षात दुसरी संधी असते ती चित्रा नक्षत्रात, १० ऑक्टोबरनंतर. मोसमी पाऊस परतलेला असतो, आकाश स्वच्छ असते, आणि ऑक्टोबरचे ते ऊन आपण उकाडा म्हणून केवळ सोसतो. त्या ऊन्हात यंदा तांदूळ, गाद्या, रजया, पुस्तकांचे कपाट आणि चामडी चपला असे सर्व तीन दिवसांत काढले. त्याच्या आधी, २७ सप्टेंबरला हस्त लागले त्या दिवशी, अंगणात पाटावर हत्ती काढून मुलींनी हादग्याचा फेर धरला. हादगा नवरात्रात नव्हे तर सूर्य हस्तात गेल्यावर बसवायची रीत आमच्या सासरी आहे, आणि नक्षत्रांचा रकाना आखताना मी जे नवे समजत होते ते या घरात गाण्यांच्या रूपाने आधीपासून होते, हे त्या संध्याकाळी ध्यानात आले. यंदा दोन्ही एकाच आठवड्यात आले, म्हणून शेजारच्या मुलीही होत्या.

नव्या वहीत चौथा रकाना आखला आहे. त्यात अंगणातून जे दिसते आणि ऐकू येते तेच लिहायचे : पावशाची पहिली हाक, कडुनिंबाचा मोहोर, समोरच्या रस्त्यावरचा बहावा, नळाशी येणारा करडा धोबी पक्षी. धोबी मागील सप्टेंबरात उत्तरा नक्षत्राच्या तिसऱ्या दिवशी आला होता. तो नक्षत्र पाळतो की पाऊस, हे पाहण्यासाठी आणखी काही वर्षांच्या नोंदी लागतील.

गहू निवडून ठेवले आहेत, या वेळी पाच किलो. ते ११ एप्रिलला भिजत पडतील, म्हणजे १४ तारखेला, अश्विनी लागताच, चीक निघेल. मुलांच्या परीक्षा तेव्हा चालू असतील, त्यामुळे गच्चीवर हाताखाली कोणी नसेल. सोऱ्या मी दाबायचा आणि कुरडया सासूबाईंनी बसल्या जागी उचलायच्या, असे ठरले आहे. चीक शिजवायचा की नाही, हे त्या दिवशी सकाळी त्या गच्चीवर जाऊन आल्यावर सांगतील.