भलत्याच प्रोटीनचे क्रिस्टल

पहाटेचे साडेचार वाजले होते. इंदूरच्या बीमलाइनवर (क्रिस्टलवर एक्स-रे सोडण्याची जागा) कंट्रोल रूममध्ये मी खुर्चीत मांडी घालून बसले होते आणि स्क्रीनवर रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ठिपके उमटत होते, पार कडेपर्यंत. तीन अँगस्ट्रॉम, म्हणजे जवळजवळ अणूंच्या मापाचा तपशील! मेम्ब्रेन प्रोटीनवर, म्हणजे पेशीच्या पटलात रुतलेल्या प्रोटीनवर, काम करणाऱ्यांना विचारा, असे ठिपके बघायला माणसं किती वर्षं थांबतात. मी घाईघाईने मॅडमना फोटो पाठवला. मग बाहेर पडून पोहे-जिलेबी खाल्ली आणि गाडीत पुण्यापर्यंत झोपले.

आमचं प्रोटीन ई. कोलाय या जिवाणूच्या आतल्या पटलातलं. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूला दोन पटलं असतात, आतलं आणि बाहेरचं. माझं सगळं लक्ष आतल्यावर. बाहेरच्या पटलातली प्रोटीनं म्हणजे एमएस्सीला परीक्षेपुरती वाचलेली गोष्ट. आम्ही प्रोटीन बनवतो त्या ई. कोलायचं नाव बीएल-२१, आणि इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवरच्या त्या बीमलाइनचं नाव पीएक्स-बीएल२१. निव्वळ योगायोग, पण जाताना गाडीत आम्ही तो शुभशकुन मानला होता.

पुण्याला आल्यावर गाडी अडली. आमच्या प्रोटीनच्या नात्यातल्या एकाची रचना उपलब्ध आहे, त्याचा साचा घेऊन मी ठिपक्यांवरून रचना काढायचं कोडं सोडवायला बसले. बसेना. साचा कापून पाहिला, तुकडे करून पाहिले. तीन आठवडे गेले. शेवटी चहा घेताना मॅडम म्हणाल्या, "अगं, युनिट सेलची मापं पीडीबीत टाकून शोधलंस का?"

युनिट सेल म्हणजे क्रिस्टलमध्ये पुन्हा पुन्हा येणारा ठोकळा, पीडीबी म्हणजे प्रोटीनच्या रचनांचा जागतिक साठा. नव्हतं शोधलं. आपल्याच प्रोटीनचे क्रिस्टल म्हटल्यावर कोण शोधतं? मापं होती दोन बाजू ११८ अँगस्ट्रॉमच्या आसपास, तिसरी ५२-५३, कोन १२०. टाकली, एंटर दाबलं. उत्तर आलं: ओम्पएफ. बाहेरच्या पटलातलं पोरिन, म्हणजे आरपार भोक असलेलं प्रोटीन.

ओम्पएफचा साचा घातल्यावर कोडं पहिल्याच फटक्यात सुटलं. लाज वाटत होती, तरी रचनेचा नकाशा बघत बसले, कारण तो देखणा होता. सोळा पट्ट्या तिरक्या विणून केलेलं पिंप, अशी तीन पिंपं एकमेकांना चिकटलेली. प्रत्येकाच्या पोटात तिसरा लूप (पट्ट्यांना जोडणारा वळसा) आत वळून भोक अरुंद करतो. एका भिंतीला ४२, ८२, १३२ नंबरचे आर्जिनिन, म्हणजे धन भार. समोर लूपवर ११३ चा अ‍ॅस्पार्टेट आणि ११७ चा ग्लुटामेट, म्हणजे ऋण. साधारण ६०० डाल्टनपर्यंतचे रेणू याच फटीतून आत शिरतात. अँपिसिलिनसुद्धा.

मग मी जुनी जेल काढली, प्रोटीनं आकारानुसार वेगळी करणारी. मेम्ब्रेन प्रोटीनचं सॅम्पल आम्ही उकळत नाही, उकळलं की ते गोळा होऊन जेलच्या तोंडाशीच अडकतं. त्यामुळे माझ्या सगळ्या जेल न उकळलेल्या. छत्तीस किलोडाल्टनच्या आसपास आमचा जाड बँड, आणि वर सत्तरच्या जवळ एक फिकट रेघ. आमच्या बँडच्या बरोबर दुप्पट! मी वहीत लिहून ठेवलं होतं, 'डायमर', म्हणजे आमच्याच प्रोटीनची जोडी. वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे आमचं प्रोटीन ओळखायच्या चाचणीत, ती रेघ उमटली नव्हती, त्यावर शेरा: 'ट्रान्सफर नीट झाला नाही'. माझंच अक्षर.

उरलेले चार क्रिस्टल बफरमध्ये धुतले, विरघळवले, सॅम्पलचे दोन भाग केले. एक तसाच, एक ९५ अंशांवर दहा मिनिटं. ओम्पएफचा तिढा असा की त्याचं त्रिकूट एसडीएसलाही, म्हणजे प्रोटीन उलगडणाऱ्या डिटर्जंटलाही, दाद देत नाही. तापवेपर्यंत ते घट्ट राहतं आणि जेलमध्ये वरच पळतं. उकळलं की सुटं होऊन सदतीसवर येतं. माझ्या जेलवर तेच दिसलं. न उकळलेल्या लेनमध्ये फक्त वरची रेघ, उकळलेल्या लेनमध्ये फक्त सदतीस. आमच्या प्रोटीनचा मागमूस नाही. म्हणजे क्रिस्टल झाले ते सगळे त्या फिकट रेघेचे. नव्वद-पंच्याण्णव टक्के माल आमचा होता, तो थेंबात नुसता पडून राहिला.

एका सिनियरला सांगितलं तर तो हसला. "अगं, ओम्पएफला क्रिस्टल व्हायची खोडच आहे. १९८० साली बाझलला मेम्ब्रेन प्रोटीनचे पहिलेवहिले चांगले क्रिस्टल झाले, त्यातलं एक हेच. १९९२ ला रचना आली. आणि तू बीएल-२१ वापरतेस. त्यात ओम्पसी हे दुसरं पोरिन मुळातच नाही, त्यामुळे ओम्पएफ भरपूर." पोरिन एका पेशीत लाखाच्या घरात असतात. डीडीएम या डिटर्जंटने पटल विरघळवताना बाहेरचंही थोडं सुटतं, आणि आमच्या प्रोटीनला जोडलेला टॅग पकडणाऱ्या निकेल कॉलमला टॅगशिवायही काहीबाही चिकटतं. एवढं सगळं मला तोंडपाठ होतं, फक्त माझ्या थेंबाला लागू करायचं सुचलं नव्हतं.

आता ओम्पएफचं जीन काढून टाकलेली ई. कोलायची जात मागवून त्यात प्रोटीन बनवलंय. कॉलम धुणं वाढवलंय. प्रत्येक बॅचची जेल उकळून आणि न उकळता, दोन्ही. वरची रेघ गेली. क्रिस्टल करणारं तेच रसायन पेग, तोच पीएच, चार अंशांवर प्लेट लावून पाच आठवडे झाले. काल सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, चोवीसच्या चोवीस थेंब काचेसारखे स्वच्छ.

जुन्या प्लेटमधले क्रिस्टल नव्या मुलांनी नेले, बारीक फासाने उचलून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायच्या सरावाला. छान उचलले जातात म्हणे.